भाऊबीजेचा पुरावा

माझ्या आईला भाऊ नव्हता. सख्खा नाही, चुलत नाही, कुठलाच नाही. भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, तशी आई कांदिवलीच्या आमच्या वन रूम किचनच्या पश्चिमेकडच्या खिडकीत ताट घेऊन उभी राहायची. बीजेचा चंद्र म्हणजे नखाची कोर. दिसला दिसला म्हणेपर्यंत बुडतो. आईची त्याला गाठायची धावपळ चाललेली असायची आणि मी मागे उभी राहून चकली कधी मिळणार याची वाट बघत असायचे. ओवाळून झालं की आई ताट खाली ठेवायची आणि म्हणायची, "ह्यो भाव बरो. जेवक घालूक लागना नाय." मग स्वतःच हसायची. पण एकदा मी ऐकलं होतं, शेजारणीला ती म्हणत होती की मी मरेन तेव्हा माहेरचं लुगडं कोण आणणार, चंद्र काय लुगडं घेऊन येतलो? आमच्याकडे बाईच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं पडावं लागतं. ते आणायचा मान भावाचा.

मग एका भाऊबीजेला मामा आला. तेव्हा तो मामा नव्हता. आईच्या माहेरच्या वाडीतला, जोगेश्वरीला चाळीत राहणारा, एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा माणूस होता तो. वडिलांना भेटायला आला होता. आईला खिडकीत उभी बघून म्हणाला, "चंद्राक कित्याक ओवाळतंस गे? मी काय मेलंय?" आणि सरळ पाटावर येऊन बसला. इतक्या झटपट भाऊ मिळालेली बाई दुसरी नसेल. आईने घाईत लावलेला टिळा त्याच्या भुवईवर गेला. ओवाळून झाल्यावर त्याने खिसे चाचपले, ताटात काय टाकलं ते मला आठवत नाही. दुसऱ्या वर्षीपासून मात्र तो तयारीने यायचा. पांढरं पाकीट, त्यावर हळदीकुंकवाचं बोट. आईने ते पाकीट त्याच्यासमोर कधी उघडलं नाही. देवापाशी ठेवायची आणि पुढे कधीतरी घरखर्चात जायचं.

अशी बरीच वर्षं गेली. वडील गेले. माझं लग्न होऊन मी बोरीवलीला आले, मला मुलगी झाली आणि तिला सांभाळायला आई माझ्याकडे येऊन राहिली. कांदिवलीच्या खोलीला कुलूप लागलं. त्याच सुमाराला मामाची जोगेश्वरीची चाळ बिल्डरने पाडली. थोडे महिने त्याने दुसरीकडे राहायचं भाडं दिलं, मग बंद केलं. चाळीच्या जागी खड्डा पडला, खड्ड्यात पाणी साठलं, काम ठप्प झालं. मामा माझ्या घरी आईला विचारायला आला, कुठे स्वस्तातली खोली माहिती आहे का म्हणून. आईने पर्समधून चावी काढली आणि त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"चावी घे. तुझी खोली होयपर्यंत रव."

माझा नवरा जरा व्यवहारी आहे. तो हळूच म्हणाला, "आई, एक लिव्ह अँड लायसन्सचा कागद केलेला बरा." आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने चहात तोंड घातलं. कागद झाला नाही.

मामा, मामी आणि त्यांचा मुलगा तिथे राहायला गेले. मामी त्या खोलीतच वारली. मुलाचं लग्न तिथूनच झालं, त्याला मूल झालं. भाऊबीजेला मात्र मामाच आमच्याकडे बोरीवलीला यायचा. तसाच पाट, तेच पाकीट. जोगेश्वरीचा खड्डा खड्डाच राहिला.

इकडे माझी मुलगी मोठी झाली, माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि घर भरून गेलं. आईला कोणी जा म्हटलं नव्हतं, हे मला स्पष्ट सांगायचंय. माझ्या नवऱ्याने तिला खिडकीजवळचा पलंग दिला होता. पण तिने स्वतःच सुरू केलं. "माका जावयाच्या घरात मराचा नाय."

"आई, मरायची एवढी घाई कशाला?" मी म्हणायचे. "आत्ताच तर नवीन दात बसवलेत. ते तरी वसूल होऊ देत."

ती हसायची नाही. तिचं म्हणणं इतकंच होतं की नवऱ्याने घाम गाळून घेतलेलं घर आहे, तिथूनच आपल्याला उचलावं. नवऱ्याला थोडं लागलं, मला तर चांगलंच लागलं. पण तिच्या मनात आमच्याविषयी काही नव्हतं. तिला तिच्या घरातून जायचं होतं, बस्स.

तिने मामाला फोन केला. मामा म्हणाला, "बघतंय." तो बघतच राहिला. तेवढ्यात कांदिवलीच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. नवीन टॉवर, मोठी जागा, सगळ्यांच्या डोळ्यांत चमक. आणि मामाचा मुलगा, ज्याला मी राखी बांधत आले, त्याने माझे फोन घेणं बंद केलं. शेवटी मीच एक वकीलबाई गाठल्या. आईचं मन वळवताना मला फार त्रास पडला. नोटीस जाताना ती म्हणाली, "घर मागूक गेलंय तर भाव जातलो." मी म्हटलं, "जो असा जाईल तो भाऊ कसला?" माझा स्वभाव तापट आहे, आणि तेव्हा मला त्या सगळ्यांचा फार राग आला होता.

नोटिशीला उत्तर आलं, पुढे दावा दाखल झाल्यावर त्यांची कैफियत, म्हणजे लेखी जबाब, आली. वकीलबाईंनी ती आमच्या स्वयंपाकघरात बसून मराठीत समजावून सांगितली. लिहिलं होतं की मामा आईचा भाऊबिऊ कोणी नाही. तो आईचा भाडेकरू आहे. वर्षाचं भाडं तो दर दिवाळीला एका पाकिटातून रोख देत आला आहे आणि ते आईने दर वर्षी स्वीकारलं आहे.

आईने गॅस बंद केला. "परत वाचा," म्हणाली. वकीलबाईंनी परत वाचलं. आई गॅस पेटवायला वळली आणि काड्यापेटी उलटी धरून उघडली, सगळ्या काड्या ओट्यावर पडल्या. मी त्या गोळा करत होते आणि माझे डोळे संतापाने भरून आले होते. घर एक वेळ गेलं असतं तरी चाललं असतं, पण तिच्या ओवाळणीला त्यांनी भाडं म्हटलं होतं.

वकीलबाई फटकळ पण चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं, "आई, नीट ऐका. तो भाडेकरू ठरला तर कायदा त्याला संरक्षण देतो, तुम्ही त्याला सहज काढू शकत नाही. पण तो तुमचा मानलेला भाऊ म्हणून, फुकट, प्रेमापोटी राहिला असेल, तर तुम्ही म्हणाल तेव्हा त्याला निघावं लागेल. म्हणजे कोर्टात आपल्याला सिद्ध करायचंय की तो तुमचा भाऊ आहे."

"आणि मग?"

"मग त्याला बाहेर काढायचं."

आईने माझ्याकडे पाहिलं. एवढी शिकलेली बाई असं काय बोलते, असा प्रश्न तिच्या तोंडावर होता. तिकडे मामाची अवस्था आणखी वाईट होती. त्याला घरात राहायचं असेल तर बहीण नाही म्हणून शपथेवर सांगायला लागणार होतं.

केस चालली तेवढ्या वर्षांत मामा भाऊबीजेला आला नाही. आई पुन्हा चंद्राकडे गेली. बोरीवलीला आमच्या बाल्कनीतून पश्चिम दिसत नाही, समोर इमारती. गुडघे धरून ती गच्चीवर चढायची, मी मागून ताट घेऊन. एकदा मी म्हटलं, "चंद्र बरा ना, वकील तरी लावत नाही." आई म्हणाली, "गप रव."

कोर्ट वांद्र्याला. तारखा पडायच्या, आम्ही जायचो, बाकावर बसायचो, पुढची तारीख घेऊन परत यायचो. मामा समोरच्या बाकावर. पहिल्या काही वेळा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मग एकदा न्यायाधीश साहेब जेवायला उठले, आईने डबा उघडला आणि त्याला बघून तिच्याच्याने राहवलं नाही.

"जेवलंस काय रे?"

मामाने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. आईने उठून दोन घावणे झाकणावर घातले आणि त्याच्या हातात दिले. त्याचा मुलगा चहा प्यायला गेला होता. मामा खायला लागला तेवढ्यात त्यांचे वकील आले. "काका, वादीच्या डब्यातलं काय खाताय?" ते वैतागून म्हणाले. मामाने घाईघाईने उरलेला घावणा तोंडात कोंबला आणि त्याला ठसका लागला. आईने पाण्याची बाटली पुढे केली. वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला. तो एकच क्षण असा होता की मला त्या माणसाबद्दल सहानुभूती वाटली.

आईची साक्ष आधी झाली. त्यांचे वकील उलटतपासणी घेत होते. तिच्या लांबलचक उत्तराचं साहेब इंग्रजीत एक छोटं वाक्य करून टायपिस्टला सांगत.

"दर दिवाळीला प्रतिवादी तुम्हाला पाकीट देत होते?"

"होय."

"त्यात पैसे असायचे?"

"असायचे."

"किती?"

"त्याच्यासमोर उघडलंच नाही कधी. ओवाळणी कोण मोजतं?"

"म्हणजे ते भाडं नव्हतं, असं तुम्ही खात्रीने सांगू शकत नाही?"

"त्याच्या आधी मी चंद्राला ओवाळत होते," आई म्हणाली. मग तिची शुद्ध भाषा सुटली. "चंद्र काय भाडा देता, साहेब?"

कोर्टात हशा पिकला. साहेबसुद्धा हसले. पण टायपिस्टला ते वाक्य कसं सांगावं हे त्यांना पटकन सुचलं नाही. आई हसली नाही. ती समोरच्या बाकावर खाली मान घालून बसलेल्या मामाकडे बघत होती.

मामाची पाळी पुढच्या तारखांपैकी एका तारखेला आली. त्याच्या वकिलांनी तयार केलेलं प्रतिज्ञापत्र त्याच्या नावाने दाखल होतंच: मी वादीचा भाडेकरू आहे, आमचं काही नातं नाही. तो पिंजऱ्यात चढला तेव्हा त्याचा शर्ट खांद्यांवर लोंबत होता. वर्षभरात केवढा वाळला होता. वकीलबाईंनी त्याला आवाज न चढवता विचारलं.

"तुम्ही वादीचे कोण?"

"भाडेकरू."

"पाकीट कुठे ठेवायचात?"

"ताटात."

"कधी?"

"ओवा..." तो थांबला. "दिवाळीत."

"ताटात आणखी काय असायचं?"

"निरांजन. कुंकू. सुपारी."

"भाड्याची पावती घेतलीत कधी?"

"नाही."

"इतकी वर्षं भाडं दिलंत, म्हणता. एकदाही मागितली नाही? का?"

मामाने बाकांकडे बघितलं. त्याचा मुलगा बाकावरून पुढे सरकला. वकीलबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला, जरा जोरात, भाडेकरू म्हणजे पावतीचा हक्क माहीत असलेला माणूस, वगैरे म्हणत. आणि मामा एकदम चिडला. लेथवर कामगारावर ओरडावं तसा ओरडला.

"ओवाळणीची पावती कोण मागता, साहेब?"

त्यांच्या वकिलांनी पेनाचं टोपण बंद केलं. साहेबांनी मामाकडे बघितलं, टायपिस्टकडे बघितलं आणि या वेळी ते वाक्य अगदी हळू, एकेक शब्द करून सांगितलं. आईने माझा हात धरला होता, तिची नखं मला रुतत होती. ती रडत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. बाहेर पॅसेजमध्ये मामाचा मुलगा बापावर ओरडत होता, "सगळी वाट लावलीत बाबा! एक शब्द सांभाळता येईना?" मामा रेलिंगला धरून उभा होता.

मला वाटतं त्याच्या तोंडून ते निसटलं. आईचं म्हणणं शेवटपर्यंत वेगळं होतं. तो मुद्दाम बोलला, ती म्हणायची. मी तिच्याशी यावर पुष्कळ वाद घातला आणि एकदाही जिंकले नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. वकीलबाईंनी पेढे मागितले. आईने पेढे आणले, पण तिने स्वतः खाल्ला नाही. मामाच्या मुलाने मुदतीत जागा सोडली नाही, तेव्हा पुन्हा अर्ज, वॉरंट, आणि शेवटी ताब्याचा दिवस ठरला. कोर्टाचा बेलिफ येऊन जागा रिकामी करून घेतो आणि मालकाच्या हातात चावी देतो, तो दिवस.

आम्ही कांदिवलीला पोचलो तेव्हा खोली जवळजवळ रिकामी होती. मुलगा आदल्या दिवशीच बायको, पोर आणि सामान घेऊन विरारला भाड्याच्या जागेत गेला होता. भिंतीवर फक्त मामीच्या फोटोचा खिळा. आणि मामा खिडकीखाली पाटावर बसला होता, आमचाच पाट, शेजारी एक पिशवी. रिकाम्या घराला कुलूप लावून जायचं त्याला बरं वाटेना, चावी हातात द्यायची म्हणून तो थांबला होता. खिडकीबाहेर आता शेजारच्या प्लॉटवर एक नवीन टॉवर उभा होता, आमच्या सोसायटीचा मात्र अजून कागदावरच. त्या खिडकीतून चंद्र काय, सूर्यही दिसला नसता.

बेलिफ भला माणूस होता, पण नियमाचा. "आजोबा, बाहेर व्हा. ताबा रिकामा द्यायचा असतो."

मामा उठला. गुडघ्याला हात लावून उठला. चावी बेलिफच्या हातात दिली, पिशवी घेतली आणि उंबऱ्याबाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिला. बेलिफने खोली बघितली, मोरी बघितली, माळा बघितला, पंचनामा लिहिला, सोसायटीच्या वॉचमनची सही घेतली. मग चावी आईच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "बाई, ताबा मिळाला. सही करा." आईने जमेल तशी सही केली. मी सुटकेचा निःश्वास सोडला. मला वाटलं, झालं, संपलं एकदाचं.

आई दाराशी गेली. मामा पॅसेजमध्ये लिफ्टच्या बटणाकडे बघत उभा होता. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"आत ये."

बेलिफने मान वर केली. "बाई, काय करताय? हे प्रतिवादी ना?"

"भाडेकरू भायर गेलो," आई म्हणाली. "ह्यो माझो भाव."

बेलिफ हातात पेन धरून उभा राहिला. मी तर ओरडलेच. "आई, अगं परत तेच? इतकी वर्षं कोर्टात घासलीस ती कशाला? निदान कागद तरी कर!" वॉचमन दुसरीकडे बघायला लागला. मामा उंबऱ्यातच अडखळला होता, एक पाय आत एक बाहेर. आई मला म्हणाली, विरारला चौथ्या मजल्यावर लिफ्ट नाही, ह्याचे गुडघे बघ. एवढंच. वकीलबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, पुढच्या केसला मी नाही."

दोघं तिथे राहिले. आई पलंगावर, मामा जमिनीवर गादी घालून. टीव्हीवरून भांडायचे, मीठ जास्त पडलं म्हणून भांडायचे, माझ्याकडे एकमेकांच्या तक्रारी करायचे. भाऊबीजेला पाट मांडला जायचा आणि मामा एकाच खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत ओवाळून घ्यायला यायचा. पाकीट असायचंच. एकदा मी म्हटलं, "आता तरी उघडून बघ, भाडं वाढवलंय का." मामा इतका हसला की आईला निरांजन विझेल म्हणून ताट बाजूला करावं लागलं.

गेल्या वर्षी आई गेली. दुपारी जेवून पडली होती, मामाने चहाला हाक मारली तर उठली नाही. तिच्या घरातून गेली, तिला हवं तसं. मी पोचले तेव्हा सोसायटीतले लोक जमले होते. असल्या वेळी सगळं हातात घेणारे एक वयस्कर काका तिथे होते, त्यांना आमच्यातलं काही माहीत नव्हतं. आंघोळ झाली, बायका बाजूला झाल्या, आणि ते दारात येऊन गर्दीवर नजर फिरवत म्हणाले,

"माहेरचं कोण आहे? वस्त्र कोणी आणलंय?"

मी तोंड उघडणार होते, काय सांगणार होते कोण जाणे. मागून मामा पुढे आला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं नवीन लुगडं होतं, मी येईपर्यंत तो स्टेशनजवळ जाऊन घेऊन आला होता. काकांनी त्याच्याकडे बघितलं.

"तुम्ही यांचे कोण?"

"भाव," मामा म्हणाला.